वैमानिकाची जड पिशवी कुठे गेली?

गेल्या पावसाळ्यात विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही वैभववाडीला गेलो होतो. अकरावी-बारावीची काही मुलेही येऊन बसली होती. विषय होता हवेचा दाब. व्याख्यानाची सारी चित्रे आम्ही लॅपटॉपमध्ये भरून नेली होती. पहिली दहा मिनिटे बरी गेली. मग घाटावरून उतरलेल्या पावसाने जोर धरला, वीज गेली आणि भिंतीवरचे चित्र नाहीसे झाले. लॅपटॉप चालू होता, पण प्रोजेक्टर बंद. आम्ही क्षणभर गोंधळलो. तेवढ्यात एका बाईंनी खडू पुढे केला. उरलेला तास फळ्यावर पार पडला, आणि खरे सांगायचे तर तो अधिक रंगला.

नंतर चहाच्या वेळी गप्पा निघाल्या. एक गुरुजी चिपीच्या विमानतळावरून विमानाने जाऊन आले होते. ते म्हणाले, "वैमानिकाजवळ एक टॅब्लेट आणि पातळशी बॅग, एवढेच. पूर्वी म्हणे केवढी मोठी पेटी घेऊन चढायचे." ते ऐकून बारावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, आत्ता तुमचे चित्र गेले तसे वर आकाशात त्यांचे गेले तर?"

प्रश्न चहाच्या कपाबरोबर संपणारा नव्हता. त्याचे नीट उत्तर द्यायचे तर वैमानिकाच्या पेटीत काय असे, ते टॅब्लेटमध्ये का गेले आणि जाताना काय मागे राहिले, हे सारे पाहायला हवे.

पेटीत काय असे?

विमान चालवायला लागलेल्या पहिल्या पिढीकडे नकाशे जवळजवळ नव्हतेच. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा त्यांच्या छोट्या पस मॉथ विमानात रेडिओदेखील नव्हता. खाली दिसणारी किनारपट्टी, नद्या आणि रेल्वेचे रूळ हीच वाटाड्याची खूण. पावसाळ्यात जुहूचे मैदान वापरण्याजोगे राहत नसे, तेव्हा विमानांचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. म्हणजे 'जुहूला उतरता येते' ही माहिती वर्षातले काही महिने खरी आणि काही महिने खोटी! हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत एल्रे जेपसन नावाचा एक तरुण टपालाची विमाने चालवत असे. त्याचे अनेक सहकारी डोंगरांवर आदळून मेले होते. त्याने दहा सेंटची एक काळी वही विकत घेतली आणि तीत टिपणे करायला सुरुवात केली. कोणत्या मैदानाची लांबी किती, उतार कोणीकडे, जवळचा डोंगर किती उंच. उंची मोजण्यासाठी तो सुट्टीच्या दिवशी उंचीमापक घेऊन स्वतः टेकड्या चढे. वाटेवरच्या शेतकऱ्यांचे दूरध्वनी क्रमांकही त्याने लिहून ठेवले होते, कारण तिथे धुके आहे का हे शेतकरीच सांगू शकत. इतर वैमानिक त्या वहीच्या प्रती मागू लागले. १९३४ पासून तो त्या दहा डॉलरला विकू लागला. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या जेपसन नकाशांचा जन्म असा झाला.

पुढे वहीचे बाड झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस वैमानिकाच्या चामडी पेटीत तीन प्रकारचे कागद असत. पहिला प्रकार नकाशांचा. त्यात हवाई मार्गांचे मोठे घडीचे नकाशे आणि प्रत्येक विमानतळाचे हाताच्या पंजाएवढे तक्ते येत. अशा एका तक्त्यावर धावपट्टीची दिशा, भोवतालच्या डोंगरांची उंची, रेडिओचे क्रमांक, किती अंतरावर किती उंचीवर असावे हे सारे दिलेले असते. एका ठरावीक उंचीपर्यंत खाली येऊनही धावपट्टी दिसली नाही तर कोणत्या बाजूने वळून पुन्हा वर जायचे, हेही असते. दुसरा प्रकार विमानाच्या पुस्तिकांचा: एखादे यंत्र बिघडले तर काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे. तिसरा प्रकार आकड्यांच्या तक्त्यांचा: इतके वजन, इतके तापमान, एवढी धावपट्टी, तर जमीन सोडण्याचा वेग किती. सारे मिळून वजन सुमारे १६ किलो, म्हणजे दहावीच्या मुलाच्या दप्तराच्या दोन-तीन पट.

शिळा नकाशा

कागदाची खरी अडचण वजनाची नव्हती. तो शिळा होतो, ही अडचण होती.

वैभववाडीच्या वाचकांना हे सांगायला नको. छापील नकाशावर गगनबावड्याला जाणारा करूळ घाट बारा महिने उघडा असतो. प्रत्यक्षात दरड कोसळली की तो बंद होतो आणि गाड्या भुईबावड्याकडून वळवतात. ही बातमी नकाशाला कळत नाही, ती एस.टी.च्या स्टँडवर कळते. हवाई मार्गांचेही तसेच. टेकडीवर नवा मनोरा उभा राहतो, धावपट्टीचा एक भाग दुरुस्तीसाठी बंद होतो, रेडिओचा क्रमांक बदलतो. काही बदल तर पृथ्वीच घडवते. धावपट्टीला तिच्या चुंबकीय दिशेवरून क्रमांक देतात. मुंबईची मुख्य धावपट्टी ०९/२७ आहे, म्हणजे ती एका बाजूने साधारण ९० अंशांकडे आणि उलट बाजूने २७० अंशांकडे रोखलेली आहे. पण पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव हळूहळू सरकतात. त्यामुळे अमेरिकेतील टॅम्पा विमानतळाला २०११ मध्ये आपल्या धावपट्टीचा क्रमांक बदलावा लागला. धावपट्टी तिथेच होती, होकायंत्र हलले होते.

यावर जगातील विमान वाहतुकीने एक शिस्त घालून घेतली आहे. महत्त्वाचे बदल वाटेल तेव्हा अमलात आणायचे नाहीत, दर २८ दिवसांनी ठरलेल्या तारखेला आणायचे. वर्षात अशी तेरा आवर्तने होतात. अधेमधे अचानक काही घडले तर 'नोटॅम' नावाची तातडीची सूचना निघते. ती म्हणजे 'करूळ घाट बंद' अशी पाटीच. आपल्या देशातील विमानतळांची अधिकृत माहिती भारतीय विमानतळ प्राधिकरण प्रसिद्ध करते, आणि आता ती इलेक्ट्रॉनिक रूपातही मिळते.

आपल्या किनाऱ्याचेच पाहा. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. गोव्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये वापरात आला. नवी मुंबईहून प्रवासी उड्डाणे २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. सव्वाचार वर्षांत एकाच किनारपट्टीवर तीन नवे विमानतळ! २०२० सालच्या पेटीला यांपैकी एकाही विमानतळाचे नाव ठाऊक नसणार.

कागदाच्या काळात दर आवर्तनाला वैमानिकाच्या घरी जाडजूड पाकीट येई. मग त्याने बसून जुनी पाने काढायची आणि नवी घालायची. समजा, एका वेळी १०० पाने बदलायची आहेत. वर्षाला १३०० पाने झाली. हजारात एकदा चूक होते असे धरले, तर प्रत्येक वैमानिकाच्या पेटीत वर्षाकाठी एखादे पान चुकीचे. हजार वैमानिक असतील तर हजाराच्या वर चुका, आणि त्या कोणत्या पानावर आहेत ते कुणालाच माहीत नाही. टॅब्लेटमध्ये हीच पाने एका वेळी, सर्वांकडे, एकसारखी बदलतात. टॅब्लेटची खरी देणगी ही आहे.

सोळा किलोंचे गणित

वजनाचा मुद्दा दुय्यम असला तरी त्याचे गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे. विमानात जादा वजन नेले तर ते उचलून धरायला जादा इंधन जळते. ढोबळमानाने दर तासाला त्या जादा वजनाच्या तीन टक्के इंधन लागते असे धरू. १६ किलोंच्या पेटीसाठी तासाला ०.४८ किलो. एका मोठ्या कंपनीची ६०० विमाने रोज ८ तास उडतात असे समजा. वर्षाचे तास झाले ६०० × ८ × ३६५ = १७,५२,०००. त्याला ०.४८ ने गुणले की सुमारे ८ लाख ४० हजार किलो इंधन येते. एक लिटर विमान-इंधन साधारण ०.८ किलो भरते, तेव्हा हे झाले साडेदहा लाख लिटर. दोन वैमानिकांच्या दोन पेट्या धरल्या तर २१ लाख लिटर.

आता प्रत्यक्ष आकडा पाहा. अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ मध्ये आपल्या विमानांतील कागदाच्या पेट्या काढून टाकल्या, तेव्हा वर्षाला चार लाख गॅलन, म्हणजे सुमारे १५ लाख लिटर इंधन वाचेल असे जाहीर केले. आपल्या दोन उत्तरांच्या मधोमध! विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावे की चार साध्या गृहीतकांवरून आपण खऱ्या आकड्याच्या इतके जवळ पोचलो. अशा अंदाजाचे मोल काय, ते पुढच्या गोष्टीत कळेल.

यंत्र बरोबर, उत्तर चूक

टॅब्लेट किंवा लॅपटॉप नुसता नकाशा दाखवून थांबत नाही. तो आकडेमोडही करतो. तक्त्यांची पाने चाळण्याऐवजी वैमानिक त्यात विमानाचे वजन, तापमान, वारा आणि धावपट्टी भरतो. जमीन सोडण्याचा वेग आणि इंजिनाला किती जोर द्यायचा, हे यंत्र सांगते.

वजनाचा आणि वेगाचा संबंध सोपा आहे. पंखांना मिळणारी उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वजन चौपट झाले तर वेग दुप्पट लागतो. वजन दीडपट झाले तर वेग सव्वापटीच्या थोडा खाली. पण धावपट्टीचा हिशेब याहून कडक आहे. जड विमानाला जास्त वेग तर हवाच, शिवाय तोच जोर लावला तर ते वेग घेतेही सावकाश. विज्ञान शाखेच्या मुलांना ठाऊक असलेले सूत्र घ्या: अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. वेगाचा वर्ग वजनाच्या प्रमाणात वाढतो, त्वरण वजनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणजे लागणारे अंतर वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दीडपट वजनाला सव्वादोन पट धावपट्टी!

१४ ऑक्टोबर २००४ च्या पहाटे कॅनडातील हॅलिफॅक्स विमानतळावर एमके एअरलाइन्सचे बोईंग ७४७ जातीचे मालवाहू विमान उड्डाणाला निघाले. त्याचे वजन सुमारे ३ लाख ५३ हजार किलो होते. वैमानिकांनी लॅपटॉपवर वेग काढले, पण त्या गणितात वजन पडले होते २ लाख ४० हजार किलो. हे याच विमानाच्या आधीच्या उड्डाणाचे वजन. ते नकळत नव्या हिशेबात शिरले असावे, असे चौकशी मंडळाचे अनुमान आहे. वजन जवळजवळ दीडपट, तेव्हा वेग सुमारे २१ टक्के जास्त हवा होता. शिवाय यंत्राने हलक्या विमानाला पुरेल एवढाच इंजिनांचा जोर सांगितला होता. विमानाची शेपटी धावपट्टीच्या पलीकडच्या मातीच्या बांधावर आदळली. आतले सातही जण मेले.

लॅपटॉपने एकही गणित चुकवले नव्हते. २ लाख ४० हजार किलोंच्या विमानाला जो वेग लागतो, तो त्याने अचूक सांगितला. चौकशीत वैमानिकांचा थकवा, मध्यरात्रीनंतरची वेळ आणि त्या संगणकाचे अपुरे शिक्षण ही कारणेही पुढे आली. ही कारणे विसरून 'वैमानिकाची चूक' एवढेच म्हणणे अन्यायाचे होईल. चूक सर्वांच्याच हातून होते. ती वेळीच पकडणारी चाळणी तिथे नव्हती.

साडेचार वर्षांनी, २० मार्च २००९ रोजी मेलबर्नला असेच घडले. एमिरेट्सच्या एअरबस ए-३४० विमानाचे वजन ३६२.९ टन होते, संगणकात २६२.९ भरले गेले. तीनच्या जागी दोन. एका अंकाची चूक, शंभर टनांचा फरक. विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत उठलेच नाही. शेपटी घासली, टोकापलीकडच्या यंत्रणेवर विमान आदळले, पण शेवटच्या क्षणी इंजिनांना पूर्ण जोर दिल्याने ते वर चढले आणि परत येऊन सुखरूप उतरले. आत २७५ माणसे होती.

आमच्या पिढीने लॉगॅरिथमचे तक्ते वापरले. त्यातही चुका होत, भरपूर होत. पण तक्त्यातून उत्तर काढताना दशांश चिन्ह कुठे द्यायचे हे तक्ता सांगत नसे. ते आपणच ठरवायचे असे, आणि म्हणून उत्तर साधारण किती यावे याचा अंदाज आधी करावाच लागे. कॅल्क्युलेटर दशांश चिन्हासकट उत्तर देतो आणि अंदाजाची गरज गेल्यासारखी वाटते. कागदाच्या तक्त्यातही वैमानिक चुकीच्या ओळीवर बोट ठेवू शके. पण शेजारच्या ओळी डोळ्यांसमोर असत, वजन वाढले की वेग कसा चढत जातो हे रोज नजरेखालून जाई. पडद्यावर एकच आकडा येतो, एकटा, शेजाऱ्यांशिवाय. तो मोठा की लहान, हे सांगायला तिथे कुणी नसते.

एकाच अक्षराची दोन गावे

कागद आणि संगणक शेजारी शेजारी असले की सुरक्षितता दुप्पट, असे कुणाला वाटेल. तेही तपासून पाहू.

२० डिसेंबर १९९५ च्या रात्री अमेरिकन एअरलाइन्सचे बोईंग ७५७ कोलंबियातील काली शहराकडे उतरत होते. दोन्ही बाजूंना डोंगर. वैमानिकांना रोझो नावाच्या रेडिओ केंद्राकडे जायचे होते. त्यांच्या कागदी तक्त्यावर रोझोची खूण 'आर' हे एकच अक्षर होती. त्यांनी विमानाच्या संगणकात 'आर' दिले. पण संगणकाच्या यादीत 'आर' म्हणजे रोमिओ, बोगोटाजवळचे शेकडो किलोमीटर दूरचे दुसरेच केंद्र. रोझो तिथे पूर्ण नावाने नोंदलेले होते. विमान आज्ञाधारकपणे डावीकडे वळले आणि दरी सोडून डोंगरांकडे निघाले. चूक लक्षात आली तेव्हा उशीर झाला होता. १६३ पैकी १५९ माणसे दगावली.

कागद त्याच्यापुरता बरोबर होता, संगणकही त्याच्यापुरता बरोबर होता. दोघांची भाषा एक नव्हती. हे आपल्या नित्याच्या अनुभवातले आहे. एकाच जिल्ह्यात एकाच नावाच्या दोन वाड्या असतात, आणि 'गावठणवाडी' एवढेच लिहिलेले पत्र भलत्याच गावी जाते. पोस्टमनला माणसे ओळखीची असतात, म्हणून तो ते परत फिरवतो. संगणकाला गावकीची ओळख नसते.

दोन म्हणजे खरोखर दोन का?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. पडदा गेला तर?

पहिली गोष्ट, टॅब्लेट बंद पडला म्हणजे विमान आंधळे होत नाही. वेग, उंची आणि दिशा दाखवणारी विमानाची स्वतःची यंत्रे वेगळी असतात, मार्ग दाखवणारा संगणक वेगळा असतो. टॅब्लेट हा पेटीचा वारस आहे, सुकाणूचा नाही. शिवाय जमिनीवरच्या नियंत्रकाला रेडिओवरून विचारता येते. दुसरी गोष्ट, दोन वैमानिकांचे दोन टॅब्लेट असतात. निघताना बॅटरी पुरेशी भरलेली आहे ना, हे पाहण्याची पद्धत असते. विमानातील हवेचा दाब अचानक उतरला तरी उपकरण चालेल का, हे आधी तपासलेले असते. लिथियमची बॅटरी तापून पेटली तर काय करायचे, याचाही सराव असतो.

पण इथे एक बारीक मेख आहे. समजा, एक टॅब्लेट हजार उड्डाणांत एकदा बंद पडतो. तर दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता किती? हजारात एक गुणिले हजारात एक, म्हणजे दहा लाखांत एक, असे बारावीचा विद्यार्थी चटकन सांगेल. उत्तर बरोबर आहे, पण दोन्ही घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच. २८ एप्रिल २०१५ रोजी अमेरिकन एअरलाइन्सच्या काही डझन विमानांत उड्डाणापूर्वी वैमानिकांच्या टॅब्लेटवरील नकाशांचा प्रोग्रॅम बंद पडला. कारण क्षुल्लक होते: वॉशिंग्टनच्या एका विमानतळाचा तक्ता माहितीसाठ्यात दोनदा आला होता. बॅटऱ्या भरलेल्या होत्या, उपकरणे निरोगी होती. पण दोन्ही टॅब्लेटमध्ये प्रोग्रॅम तोच, माहिती तीच, म्हणून खोडही तीच. विमाने जमिनीवरच होती, प्रोग्रॅम काढून पुन्हा घालताच काम भागले आणि उशिरापलीकडे काही बिघडले नाही. पण धडा मोठा आहे. एकाच विहिरीवर दोन पंप बसवले, तर पंप बिघडण्याची सोय झाली, विहीर आटण्याची नाही.

मघाशी आपण टॅब्लेटचे कौतुक केले ते आठवा: सर्वांकडची पाने एका वेळी, एकसारखी बदलतात. त्याच गुणाची ही दुसरी बाजू. हजार पेट्यांत हजार वेगवेगळ्या चुका असत, पण त्या एकाच दिवशी सर्वांना अडवत नसत. आता चुका फार थोड्या, पण झाली तर ती सगळ्यांकडे.

म्हणून कागदाकडे परत जावे काय? मुळीच नाही. २०२० सालची पेटी घेऊन आज नवी मुंबईला उतरायला निघणारा वैमानिक आम्हाला नको. पण कागदाबरोबर काही पहारेकरी फुकट मिळत होते: तक्त्यातल्या शेजारच्या ओळी, दशांशाचा अंदाज, वेगवेगळ्या हातांनी लावलेली पाने. कागद गेला तसे तेही गेले, आणि जाताना त्यांनी आवाज केला नाही. आता ते मुद्दाम नेमावे लागतात. विमान वाहतुकीत तसे केले जाते. दोघा वैमानिकांनी मूळ कागदावरून स्वतंत्रपणे आकडे भरायचे, मगच उत्तरे जुळवायची, आणि आलेले उत्तर आजच्या वजनाला शोभते का हे मनाशी ताडायचे. हॅलिफॅक्सला हे तिसरे पाऊल कुणी उचलले असते, तर 'भरलेल्या विमानाला हा वेग कसा पुरेल' हा प्रश्न तिथेच उभा राहिला असता.

वर्गात करून पाहा

यासाठी विमान लागत नाही. तीन साधे उपक्रम सुचवतो.

पहिला, अंदाजवही. कॅल्क्युलेटरला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने अंदाजी उत्तर शाईने लिहायचे. अंदाज चुकला तर गुण कापायचे नाहीत. पण अंदाज आणि उत्तर यांत दुपटीहून जास्त फरक पडला, तर कोण चुकले ते शोधल्याशिवाय पुढे जायचे नाही.

दुसरा, खरी आणि खोटी तपासणी. दहा बेरजा-गुणाकारांचा एक सोडवलेला कागद करा आणि त्यात तीन चुका मुद्दाम पेरा. निम्म्या मुलांना तो नुसता नजरेने तपासायला द्या. उरलेल्यांना उत्तरे न दाखवता तीच उदाहरणे स्वतंत्र सोडवायला देऊन मग ताडायला सांगा. कोणत्या गटाने किती चुका पकडल्या ते फळ्यावर मांडा. 'मी पाहिले, बरोबर आहे' आणि 'मी केले, तेच आले' यांतला फरक मुलांना व्याख्यानाशिवाय समजेल.

तिसरा, अठ्ठावीस दिवसांचा नकाशा. शाळेपासून दोन-तीन किलोमीटरचा परिसर मुलांना काढायला सांगा: पायवाटा, साकव, ओढे, विहिरी. खाली तारीख घालायची. पावसाळ्यात दर २८ दिवसांनी तो पुन्हा तपासायचा. कोणता साकव पाण्याखाली गेला, कोणती वाट चिखलाने बंद झाली? नकाशावर तारीख का लिहितात, हे पहिल्या फेरीतच उमगेल. तालुक्यातल्या दुसऱ्या शाळेने असाच नकाशा केला तर दोन्ही जोडून पाहा. एकाच ओढ्याला दोन नावे निघाली, तर कालीची गोष्ट सांगायची वेळ झाली असे समजा.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशीही वैभववाडीत पाऊस होताच. या वेळी वीज गेली नाही. आमची चित्रे भिंतीवर नीट उमटली. तरी व्याख्यान सुरू करण्यापूर्वी कालच्या त्या मुलीने, कुणी न सांगता, फळा स्वच्छ पुसला आणि खडूची पेटी टेबलावर आणून ठेवली.